चोवीस नंबरचं घर

शाळेच्या पटावर माझं नाव सात वेळा चढलं आणि सहा वेळा उतरलं. दिवाळी झाली की वडवणीच्या पलीकडच्या आमच्या वस्तीवर मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा. आई-बापू कोयते, भांडीकुंडी, एक शेळी आणि आम्हा दोघी बहिणींना घेऊन त्यात बसायचे, आणि वस्ती म्हाताऱ्यांच्या आणि कुत्र्यांच्या ताब्यात जायची. उसाच्या फडावर शाळा नसते. पाचट असतं, खोपी असते, आणि खोपीत धाकटीला सांभाळायचं असतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी परत आलो की गुरुजी मला वर्गाच्या दारात थांबवायचे, पट उघडायचे आणि नाव पुन्हा लिहायचे. "या खेपेला तरी टिक, बाई," म्हणायचे. मी टिकायचे. दिवाळीपर्यंत.

सातवीला आत्याने मला वडवणीत तिच्या घरी ठेवून घेतलं आणि मग ते नाव काही उतरलं नाही. पुढे अंबाजोगाईला येऊन मी बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना माझा आवाज थोडा मोठा होतो, आणि तो मी लहान करणार नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण एवढंच, की एखादी गोष्ट एकदा लिहिली की ती तिथंच राहते यावर माझा लहानपणापासून विश्वास नव्हता. आणि नोकरीला लागले तेव्हा गाठ पडली मोमीनकाकांशी. त्यांचा जगात तेवढ्या एकाच गोष्टीवर विश्वास होता.

मोमीनकाका, मी नोकरीला लागले त्या कॉलेजचे नेटवर्क इनचार्ज. उंच, वाळके, डोक्यावर पांढरी टोपी, आणि खिशाला दोन पेनं. दोन कशाला, असं विचारलं की सांगायचे, "एक चालणारं. दुसरं हे बंद पडल्यावर चालणारं." आणि कुणाशीही, कशाहीबद्दल बोलणं झालं की शेवटी एकच प्रश्न यायचा: "लिवलं का?"

कॉलेजसमोर नामदेवचं चहाचं हॉटेल आहे. तिथं काका ऑर्डर द्यायचे ती अशी: "दोन चहा, एक बिनसाखरेचा. लिवलं का?"

नामदेवकडे कागद नाही, पेन नाही. तो कपाळाला बोट लावायचा. "इथं लिवलं, काका."

"तिथलं लाइट गेली की जातं."

मग काका स्वतःच खिशातून चिठोरा काढून 'दोन चहा, एक बिनसाखरेचा' असं लिहून त्याच्या हातात द्यायचे. नामदेव ती चिठ्ठी गंभीरपणे भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि दोन्ही चहा साखरेचे आणायचा. काका ते पिऊन टाकायचे. त्यांची तक्रार नसायची. लिहिलेलं होतं, एवढ्यावर ते समाधानी.

न्हाव्याला ते डोकं पुढे करण्याआधी किती बारीक करायचे ते लिहून द्यायचे. कॉलेजात कुणाचं लग्न ठरलं की लोक पेढा घ्यायचे, काका पेढा हातात धरून विचारायचे, "लिवलं का?" याद्या झाल्या आहेत असं कळल्यावरच तो पेढा तोंडात जायचा.

मी पहिल्या दिवशी गेले ती जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत. खोलीत एसी, एक टेबल, एक लोखंडी कपाट, आणि भिंतीला लावलेला तो डबा. काकांनी आधी मला चपला बाहेर काढायला लावल्या. मग हाताची उलटी बाजू डब्याला लावली, आई लेकराच्या कपाळाला लावते तशी, आणि म्हणाले, "ताप न्हाई. ये."

ज्यांना हा डबा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याला स्विच म्हणतात, पण दिव्याच्या बटणाशी त्याचं काही नातं नाही. कॉलेजभरच्या कॉम्प्युटरांच्या वायरी येऊन त्यात खोचलेल्या असतात, आणि कुणाचा निरोप कुणाकडे जायचा हे तो ठरवतो. वायर खोचायच्या जागेला आम्ही पुस्तकात पोर्ट म्हणायला शिकलो. काका म्हणायचे घर. अशी चोवीस घरं. कॉलेजात असे नऊ डबे होते, आणि हा त्यांतला मुख्य. त्याचं नाव 'मोठी'. काकांच्या लेखी ते सगळे डबे बायका होते.

"हिला तीन जागी ध्यान असतं, बेटा," काकांनी मला सांगितलं. "एक चालू ध्यान. तू आत्ता जे सांगशील ते ही आत्ता करती. पण ते तोंडी. लाइट गेली की गेलं. दुसरं पक्कं ध्यान. 'राइट' म्हणून हुकूम दिला की चालूमधलं पक्क्यात उतरतं. झोपून उठल्यावर ही पक्कंच वाचती. म्हणून काय बी केलं की शेवटी राइट. लिवल्याबिगर खुर्ची सोडायची न्हाई."

"आणि तिसरं?"

"तिसरी हिची ट्रंक. हिला चालवायचं समदं सामान तिच्यात. ट्रंकेला मला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई."

"कावून?"

"ट्रंकेत काय काय हाय ते हिला बी नीट सांगता येत न्हाई. म्हणून."

मला हसू आलं होतं. बी.एस्सी.ला मी याच गोष्टी इंग्रजी नावांनी शिकले होते, प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क होते. ट्रंक म्हणजे फ्लॅश मेमरी, एवढं मला कळत होतं. पण पुस्तकात ट्रंकेला हात लावायचा नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

आता त्या लोखंडी कपाटाचं सांगते. त्यात नऊ रजिस्टरं होती, लाल कापडी बांधणीची, तलाठ्याकडे असतात तशी जाडजूड. एकेका डब्याचं एकेक. डब्यात जे जे भरलेलं, ते सगळं काकांनी हातानं लिहून काढलेलं. इंग्रजी हुकूम देवनागरीत, सुवाच्य, ओळीला नंबर घालून. आणि दर गुरुवारी सकाळी त्याचं वाचन. मी पडद्यावरून मोठ्यानं वाचायचं, काकांनी रजिस्टरमध्ये बोट ठेवून बरोबरची खूण करायची. "इंटरफेस, गिगा, एक, तिरकी रेघ, शून्य, तिरकी रेघ, सोळा," असं मी वाचत राहायचे. बाहेरून जाणाऱ्या बायका क्षणभर थांबून, आत काही धार्मिक चाललंय असं समजून, हळू चालायला लागायच्या.

आमच्या प्राचार्यांना सगळे बडे सर म्हणतात. ते एकदा वाचन चालू असताना आत आले. "मोमीन, अहो पेनड्राइव्हच्या जमान्यात हे काय बोरूनं लिहीत बसलात?"

"पेनड्राइव्ह बी ठिवलाय, सर," काका उठून उभे राहत म्हणाले. "पण पेनड्राइव्ह उघडायला मशीन लागती. रजिस्टर उघडायला अंगठा लागतो."

या लिहिण्यामागं एक गोष्ट होती, ती नामदेवने मला सांगितली. काका पूर्वी टेलिफोनच्या खात्यात लाइनमन होते. एकदा वीज पडून एक्स्चेंजमधलं यंत्र जळालं. कुणाची वायर कुठल्या खिळ्याला होती, याचा काहीच कागद नव्हता. काकांनी आठ दिवस सायकलवर दारोदार फिरून एकेका घराचा नंबर विचारून आणला. एका म्हातारीने नंबर सांगायच्या आधी त्यांना जेवायला बसवलं, एकाने बिलाच्या तक्रारीवरून अंगणात तासभर उभं केलं. तेव्हापासून हा माणूस लिहितो.

आणखी एक खोड होती. कुठल्याही डब्यातलं चोवीस नंबरचं घर काका कुणालाच द्यायचे नाहीत. प्रत्येक घराला एक पाटी असते, म्हणजे ते कुणाचं हे डब्यात लिहून ठेवता येतं. सोळा नंबरवर 'लायब्ररी', सतरावर 'हापीस'. मोठीच्या चोवीस नंबरवर लिहिलेलं होतं, 'येणाऱ्यासाठी'. दर गुरुवारी मी वाचायचे, "चोवीस. पाटी, येणाऱ्यासाठी. घर बंद." काका खूण करायचे आणि रजिस्टर मिटायचे. मला वाटायचं, पाहुण्यांसाठी राखून ठेवलं असेल. बडे सरांना केबिनमध्ये कॅमेऱ्याचा टीव्ही जोडायचा होता, आणि मोठीत बाकी एकही घर मोकळं नव्हतं. काकांनी सरळ नाही म्हटलं.

"अहो, रिकामं आहे ना ते?"

"रिकामं न्हाई, सर. बंद हाय."

शेवटी काकांनी दोन मजल्यांवरून दुसऱ्या डब्यापासून वायर ओढून आणली, स्वतः शिडीवर चढून, पण चोवीस दिलं नाही.

माझी ऑर्डर सहा महिन्यांची होती. पुढचं काय, असं विचारलं की बडे सर म्हणायचे, "परीक्षा होऊ द्या." दसऱ्याच्या आधी आमच्या कॉलेजला एका मोठ्या ऑनलाइन परीक्षेचं केंद्र मिळालं होतं. पहिल्यांदाच. ती नीट पार पडली तर केंद्र टिकणार होतं, आणि केंद्र टिकलं तर नेटवर्कला कायमचा दुसरा माणूस लागणार होता. तो दुसरा माणूस मी.

वस्तीवरून बापूंचा फोन यायचा. "मुकादम येऊन गेलता. मी म्हणलं, थांब, पोरीचं कळू दे. तुझं पक्कं झालं तर यंदा आमी दोघं बी जात न्हाई." मागून आई म्हणायची, "तिला कशाला सांगता ते, तिला काम करू द्या." आईच्या कमरेला पट्टा लागला होता. तो बांधून ती मोळ्या उचलायची. मी फोन ठेवायचे आणि पुन्हा डब्यासमोर जाऊन बसायचे.

परीक्षेच्या आठ दिवस आधी काका भाचीच्या निकाहासाठी परळीला गेले. (तिथं काय झालं ते काकूंकडून पुढे कळलं. सगळे गळाभेट घेत होते, आणि काका काझींच्या रजिस्टरपाशी सह्या वाळेपर्यंत उभे होते.) जाताना म्हणाले, "परीक्षेच्या आधी मोठीला कायबी करायचं न्हाई."

पण परीक्षा घेणाऱ्या कंपनीचं पत्र आलं होतं, की तुमच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर ताजं असावं. काका म्हणाले होते, परीक्षा झाल्यावर बघू. मला वाटलं, ते तरी आणून ठेवू. लागू नंतर करू, पण तयार असू दे. बडे सरांना दाखवता येईल की ही पोरगी सांगायची वाट बघत नाही. नवीन सॉफ्टवेअर ट्रंकेत टाकायला गेले तर जागा नाही. मी ट्रंक उघडून बघितली. जुन्या दोन मोठ्या फायली होत्या, त्या काढल्या. खाली एक चिमुकली फाइल होती, काही किलोबाइटची, कुणीतरी विसरून ठेवल्यासारखी. घर झाडताना कोपऱ्यातला कागदाचा बोळा उचलावा तशी मी तीही उचलली. नवीन सामान आत आलं. मोठी जशी चालत होती तशीच चालत राहिली. मी राइटचा हुकूम दिला. एकदा नाही, दोनदा.

काका मिठाईचा डबा घेऊन परत आले. गुरुवारी वाचन झालं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकूण एक खूण बरोबर. ट्रंकेचं वाचन महिन्यातून एकदाच असायचं, आणि ते परीक्षेनंतर होतं. मी ट्रंकेचं काकांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही, असं मी मलाच सांगितलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. साडेनऊचा पेपर. आठपासून फाटकासमोर पोरांची रांग. आष्टीपासून, केजपासून, कुठून कुठून पहाटेच्या गाडीने आलेली, आईबाप बरोबर, पिशवीत भाकरी. आठ-चाळीसला लाइट गेली. जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं इन्व्हर्टर सांभाळतो. त्या दिवशी इन्व्हर्टरच्या बॅटरीने मान टाकली. जनरेटर धडधडला, दिवे आले, आणि मोठी झोपेतून उठली.

उठली ती नीट उठली. पंखा फिरला, आवाज आला. पण घरांचे दिवे हिरवे व्हायचे ते पिवळेच राहिले. वरच्या लॅबमधून निरोप आला, एकाही कॉम्प्युटरवर पेपर उघडत नाही.

काका चपला जिन्यातच काढून आत आले. हाताची उलटी बाजू लावली. "ताप न्हाई. पक्कं वाच."

मी वाचलं. काकांचं बोट सरकत गेलं. सगळं बरोबर.

"चालू वाच."

तेही बरोबर. एक स्वल्पविराम हललेला नव्हता. दोन्ही ध्यानं शाबूत, आणि मोठी मात्र कुणालाच ओळखत नव्हती. काकांनी रजिस्टरवरचं बोट उचललं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"ट्रंक वाच."

मी यादी वाचली. माझाच आवाज मला लांबून येत होता.

"येवढंच?"

"व्हय."

"बारकी फाइल?"

"मी काढली, काका. तुम्ही परळीला गेलता तेव्हा. जागा करायची होती."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी बोलावं असंही मला वाटत होतं.

"तिच्यात गल्ल्या होत्या," ते म्हणाले, अगदी शांतपणे. "ऐक. हर एक घर कोणच्या तरी गल्लीत असतं. हापीसची गल्ली येगळी, लायब्ररीची येगळी, परीक्षेची येगळी. घराच्या कागदावर लिवलंय, मी तीस नंबरच्या गल्लीतला. ते पक्क्यात हाय, तू आत्ता वाचलंस. पण ती गल्ली गावात हाय का न्हाई, ते ट्रंकेतल्या बारक्या फायलीत. तू गल्ली मोडलीस तरी आठ दिस मोठीच्या डोक्यात होती, म्हणून चाललं. आता झोपून उठली. घरं हायत, गल्ल्याच न्हाईत."

मी रडायला लागले होते. दारात बडे सर उभे. "मोमीन, काय आहे? वीस मिनिटांत पोरं आत बसवायची आहेत."

"दहा मिनटं द्या, सर," काका म्हणाले, आणि मला म्हणाले, "रडायचं नंतर. बोटं कोरडी कर."

त्यांनी रजिस्टर उलटं केलं. शेवटच्या पानापासून उलट्या बाजूने, लाल पेनने, वर मथळा घालून लिहिलेलं होतं: 'गल्ल्या. ह्या पक्क्यात दिसत न्हाईत. म्हणून हितं.' खाली चौदा गल्ल्या. नंबर, नाव. ती नावं कुठल्या कंपनीने दिलेली नव्हती, काकांनीच दिलेली.

"दहा. हापीस."

मी टाइप केलं.

"लिवलं का?"

"लिवलं."

"अकरा. मास्तर."

"लिवलं."

"काका, आधी परीक्षेची घेऊ या," मी म्हणाले.

"वळीनं. उडी मारली की एक गल्ली राहती, आन ती कोणची राह्यली ते दुपारी कळतं. बारा. पुस्तकं."

बडे सर दारात घड्याळ बघत होते. मधेच म्हणाले, "अहो हे काय पाढे चाललेत?" काकांनी मान वर केली नाही. पंधरा, पोरींचं होस्टेल. सोळा, पोरांचं होस्टेल. नामदेवचं हॉटेलसुद्धा एका गल्लीत निघालं, तिथं प्राध्यापक बसतात म्हणून काकांनी कधीकाळी वायर नेली होती. नववी गल्ली तीस नंबरची.

"तीस. परीक्षा. लिवलं का?"

"लिवलं."

आणि डब्यावरचा एक दिवा हिरवा झाला. मग त्याच्या शेजारचा. मग पलीकडचे चार एकदम. आमच्या वस्तीवर पहिल्यांदा वीज आली होती तेव्हा मी बापूंच्या खांद्यावर होते. तेव्हाही असंच एकेक घर उजळत गेलं होतं. वरून कुणीतरी जिन्यातून ओरडलं, "आलं, आलं, पेपर दिसतोय." बडे सर वळून धावतच वर गेले. त्यांना धावताना आमच्या कॉलेजने त्या दिवशी बघितलं.

मी उठायला लागले.

"बस," काका म्हणाले. "पाच गल्ल्या ऱ्हायल्या."

त्या पाच झाल्या. मग राइट. मग ट्रंक वाचली, आणि बारकी फाइल तिथं परत आलेली होती, नवीकोरी. मी तिचं नाव मोठ्यानं वाचलं तेव्हा काकांनी लाल पेनने एक खूण केली. नऊ वाजून अठरा मिनिटं झाली होती. पेपर साडेनऊला, ठरल्या वेळी, सुरू झाला. एकाही पोराचं एक मिनिट गेलं नाही.

काकांनी रजिस्टरात नोंद केली, माझ्यासमोर, शब्द न चोरता: 'ट्रंकेतली गल्ल्यांची फाइल गेली. शीतलने काढली. शीतलने परत बांधली.' आणि पेन माझ्या हातात दिलं. "सही कर." मी केली.

संध्याकाळी बडे सरांनी दोघांना बोलावलं. काकांनी ते रजिस्टर काखेतून काढून त्यांच्या टेबलावर उघडून ठेवलं. मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी दोनदा वाचलं.

"म्हणजे चूक हिची?"

"हिचीच. लिवलंय की तितं."

"मग मी हिला ठेवू कशाला?"

"ऐका, सर. ही चूक आता हिच्या हातनं या जन्मात व्हायची न्हाई. दुसरा माणूस आणाल, तर त्याला ही चूक करायची बाकी हाय. तो कवा करंल, कोणच्या परीक्षेला करंल, मला ठावं न्हाई." काकांनी रजिस्टर मिटलं. "हिची झाली. हिला ठिवा."

बडे सरांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा फिरवला. मग हसले. "मोमीन, हे लिहून द्याल का?"

"लिवूनच आणलंय," काका म्हणाले, आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

पंधरा दिवसांनी माझी कायमची ऑर्डर आली. शिक्क्यासकट. मी ती घेऊन जिन्याखालच्या खोलीत गेले, चपला काढल्या. काकांनी ऑर्डर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचली, उजेडाकडे धरून बघितली, आणि कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली. "खालच्या खणात मोठीची जुनी रजिस्टरं हायत. चोवीस नंबरचं पान बघ."

पाच जुनी रजिस्टरं होती. प्रत्येकात चोवीस नंबरच्या पानावर, पाटीच्या रकान्यात, एकेक नाव. चौघांच्या नावावर एक सरळ रेघ, आणि समोर बारीक अक्षरात गावाचं नाव. सचिन, पुणे. अमोल, पुणे. वसीम, हैदराबाद. गणेश, पुणे. ही काकांनी शिकवून तयार केलेली पोरं. शिकली आणि गेली. प्रत्येक रेघेखाली पुन्हा तेच लिहिलेलं: 'येणाऱ्यासाठी'.

सगळ्यांत जुन्या रजिस्टरात नाव होतं इम्रान. इम्रान हा काकांचा मुलगा. त्याच्यापुढे गावाचं नाव नव्हतं. नावावर नुसती रेघ होती, आणि ती इतर रेघांसारखी पट्टी लावून मारलेली नव्हती.

"ईदला येतो," काका म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "गेल्या दोन सालांत न्हाई जमलं त्याला. काम लई हाय तिकडं."

मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. चोवीसची पाटी बदल."

मी 'येणाऱ्यासाठी' पुसलं आणि तिथं माझं नाव टाइप केलं. घर उघडलं. काका टेबलाखाली वाकले, कपाटामागून एक कोरी वायर काढली आणि स्वतःच्या हाताने माझ्या कॉम्प्युटरपासून मोठीपर्यंत नेऊन चोवीस नंबरात खोचली. दिवा हिरवा झाला. तो त्यांनी थोडा वेळ बघितला.

"जायचं झालं तर जा, बेटा. म्या कुणाला आडवलं न्हाई. फकस्त पाटी तुझ्या हातानं पुसून जा. मला पुसायला लावू नको." आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "लिवलं का?"

"लिवते, काका."

मी राइटचा हुकूम दिला.

काका आता निवृत्त झालेत. तरी गुरुवारी सकाळी येतात, चपला बाहेर काढतात आणि रजिस्टर मांडीवर घेऊन बसतात. मी वाचते. चोवीस नंबर आला की मी माझं नाव वाचते, आणि ते खूण करतात.

त्या वर्षी दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रॅक्टर वस्तीवर आला. आई आणि बापू ओट्यावर बसून होते. ट्रॅक्टर थोडा वेळ थांबला, आणि त्यांना न घेता गेला. आता धाकटी अकरावीला आहे. शाळेच्या पटावर तिचं नाव तेव्हापासून एकदाही उतरलेलं नाही.